फॉर्म नंबर सतरा

९ जानेवारी

दादा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या पोटात गोळा आला असेल. घाबरू नकोस. घरचं कुणी गेलेलं नाही, मी धडधाकट आहे आणि माफीबिफी मागायलाही लिहीत नाहीये. तुझ्याकडे काम आहे. काम नसतं तर मी तुझ्या वाटेला गेले नसते, हे तुला माहीत आहे आणि वहिनीला तर पक्कंच माहीत आहे.

तुझ्या सहीवर बावीस तुरुंग चालतात. त्यातल्या एकाच्या महिला विभागात तुझी बहीण, म्हणजे मी, एकोणीस वर्षं नर्स आहे, हे तू मुख्यालयात कुणाला सांगत नसशील. मीही इथे सांगत नाही. पण आज त्या नात्याचा फायदा घ्यायचं ठरवलंय. साठ बायकांच्या जागेत आज दोनशे चौदा आहेत. झोपायच्या पाळ्या लावल्यात. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी दीड तास येतात, त्यातला सव्वा तास पुरुषांकडे जातो. उरलेल्या पंधरा मिनिटांत माझ्या बायकांनी काय ते आजारी पडून घ्यायचं.

यांच्यात एक शिंपीण आहे. बाहेर तिचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणून सगळ्या तिला शिंपीणच म्हणतात. आत आल्यापासून तुमच्या पहारेकऱ्यांचे गणवेश तीच शिवते, आणि अर्ध्या बरॅकची पत्रंही तीच लिहिते. अक्षर असं की बघत राहावं. तिने काय केलं, केलं की नाही, ते कोर्ट ठरवेल. चार वर्षांत कोर्टाने तिला अजून आरोपसुद्धा वाचून दाखवलेला नाही. बाहेर सोळा वर्षांची मुलगी आहे, मावशीकडे राहते.

गेल्या जूनमध्ये ही बाई माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला आली आणि गोळी घेऊन उभीच राहिली. मी म्हटलं, "काय गं, आणखी काय?" तर म्हणाली, "सिस्टर, पडदा ओढता का जरा?" डाव्या स्तनात गाठ. सुपारीएवढी. दोन महिने अंगावर काढली होती, कुणाला सांगायचं म्हणून. जुलैत डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीवर 'तातडीने' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मोठ्या इस्पितळाची तारीख मिळाली. तेव्हापासून आजपर्यंत पाच तारखा मिळाल्या आणि पाचही गेल्या. गाठ आता सुपारीएवढी नाही.

का गेल्या? गाडी नाही. गाडी असली तर पोलीस गार्ड नाही. गार्ड असला तर त्यात बाई पोलीस नाही. आता गंमत ऐक. दर चौदा दिवसांनी या शिंपिणीला कोर्टात न्यायला गाडी येते, गार्ड येतो, दोन बाई पोलीस येतात, अगदी घड्याळ लावून. कोर्टात हिला कुणी काही विचारत नाही. पुढची तारीख घेऊन ती परत येते. जाताना आणि येताना गाडी इस्पितळाच्या फाटकासमोरून जाते. तारीख आणायला गाडी आहे, गाठ दाखवायला नाही. मी एकदा गार्डच्या हवालदाराला म्हटलं, "अहो, दहा मिनिटं थांबवा, चिठ्ठी आहे माझ्याकडे." तो म्हणाला, "सिस्टर, माझ्या पासावर कोर्ट लिहिलंय. इस्पितळ लिहून आणा, इस्पितळात नेतो." आणि इस्पितळ लिहून आणायला गेलं की गाडी नाही!

सहावी तारीख तेवीस जानेवारी आहे, सकाळी साडेआठ. पोलीस मुख्यालयात तुझ्या बरोबरीचे लोक बसतात. एक फोन कर. एकच. पुढची तीन वर्षं पुन्हा बोलू नकोस हवं तर.

तुझी
फटाकडी
(हे नाव तूच ठेवलंस. आता भोग.)


१७ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. तुझं म्हणजे तुझ्या कार्यालयाचं. जावक क्रमांक, शिक्का, सगळं व्यवस्थित. "उपरोक्त संदर्भान्वये कळविण्यात येते की, अभिलेखानुसार सदर बंदिनीने पाच वेळा रुग्णालयात जाण्यास स्वतःहून नकार दिलेला आहे. सबब आपल्या विनंतीवर कार्यवाहीची आवश्यकता दिसून येत नाही."

सबब! बहिणीला सबब लिहितोस? डोंबल तुझं! खाली सही तरी स्वतःची करायचीस, ती पण 'करिता' म्हणून कुणा कारकुनाची. मी तो कागद दवाखान्यात टेबलावर ठेवला आणि तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचला असता तर फाडला असता.

'अभिलेखानुसार' म्हणजे काय ते मी सांगू तुला? म्हणजे फॉर्म नंबर सतरा. तुझं अपत्य. अकरा वर्षांपूर्वी तूच तो काढलास आणि तेव्हा घरी येऊन किती कौतुकाने आम्हाला वाचून दाखवलास. "मी, खाली सही करणारी बंदिनी, मला देऊ केलेला रुग्णालयीन उपचार समजून उमजून आणि कोणत्याही दबावाविना नाकारत आहे." तू म्हणालास, कैदी म्हणजे काही मेंढरं नव्हेत, उपचार नको म्हणायचाही त्यांना हक्क आहे. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. खोटं नाही सांगत.

आता त्या फॉर्मचं इथे काय झालं ते ऐक. ज्या दिवशी इस्पितळाची तारीख असते त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुख्यालयाला कागद जावा लागतो: बंदिनी गेली, किंवा गेली नाही. गेली नाही तर का? 'गाडी आली नाही' असा रकानाच तुझ्या तक्त्यात नाही. रकाने दोनच, 'पाठविले' आणि 'नकार'. मग जी पाठवली नाही ती आपोआप नकारात जाते, आणि नकार म्हटला की फॉर्म सतरा जोडावा लागतो. म्हणून गाडी आली नाही की इथे बाईचा नकार तयार होतो. गेल्या वर्षी आमच्या महिला विभागात तीनशे चाळीस नकार झाले. तुमच्या वार्षिक अहवालात कुणीतरी लिहिलंसुद्धा की, बंदिनींमध्ये आरोग्याविषयी उदासीनता दिसून येते. मी तो अहवाल वाचून कपाळाला हात लावला. दात दुखून रडणाऱ्या बायका उदासीन!

आणि तू जर ते पाच फॉर्म खरंच डोळे उघडून पाहिले असतील, तर सांग, त्यावर काय आहे? अंगठा. पाचही फॉर्मवर जांभळ्या शाईचा अंगठा. मी तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं की, ही बाई अर्ध्या बरॅकची पत्रं लिहिते. जी मोत्यासारखं अक्षर काढते ती अंगठा उमटवेल का? तुमच्या एवढ्या मोठ्या मुख्यालयात हे एकालाही दिसू नये?

तेवीस तारखेला सहा दिवस राहिलेत. फोन कर.

फ.


२४ जानेवारी

दादा,

गाडी आली नाही.

काल सकाळी सहाला शिंपीण तयार होती. तपासणी उपाशीपोटी होती म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. केस धुतले होते. बरॅकमधल्या एकीने स्वतःची बरी साडी दिली होती. फाटकाजवळच्या बाकावर ती बसली, मांडीवर माझी फाइल. पायाने सारखी हवेत शिवणयंत्र चालवत होती, तिला सवय आहे ती. साडेआठ झाले, साडेनऊ झाले. कोर्टाच्या दोन गाड्या भरून गेल्या. अकराला मी अधीक्षकांकडे गेले, तर ते म्हणाले, "सिस्टर, कोणीतरी मोठे पाहुणे शहरात आलेत, सगळा गार्ड बंदोबस्ताला गेलाय." मी म्हटलं, "साहेब, मुख्यालयातून फोन आला होता का?" ते म्हणाले, "आला होता ना. नियमानुसार मागणी पाठवा म्हणाले. आपण पाठवलेलीच आहे."

म्हणजे तू फोन केलास आणि त्यात हे सांगितलंस. नियमानुसार मागणी पाठवा! शाबास. तुझ्यापेक्षा त्या हवालदाराने बरं उत्तर दिलं होतं.

एक वाजता मी शिंपिणीला म्हटलं, "चल, खाऊन घे आता." ती उठली नाही. "आणखी थोडा वेळ बसते. ऊन कललं की येतील." तिला आत न्यायला शिपाईबाई आली, तीही तिच्याशेजारी बाकावर टेकली. शेवटी चारला बरॅक बंद करायची घंटा झाली तेव्हा ती आपली आपण उठली, साडी चिमटीत धरून, की मळू नये. दारात मला विचारलं, "सिस्टर, मी काही चुकीचं लिहून दिलंय का कुठे? मागे एकदा जेलर मॅडम म्हणाल्या, तूच नको म्हणतेस." मी म्हटलं, "नाही गं, तू काही नाही लिहून दिलंस."

संध्याकाळी पाचला फॉर्म गेला. कसा गेला ते विचारू नकोस.

मी फार संतापले आहे, दादा. आता आणखी लिहिलं तर लेखणीतून वाईट काहीतरी जाईल.


२ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. इकडचं तिकडचं विचारलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाली, "हे विचारतायत, ते अंगठे कुणाचे आहेत." तू मागे उभा असणार. तुझा खोकला ऐकू आला मला. स्वतः फोन घ्यायला तुझा हात मोडला होता का?

मी म्हटलं, पत्राने कळवते. आणि कालपासून चार कागद फाडलेत.

माझे.

ते अंगठे माझे आहेत. डावा अंगठा. पाचही, आणि तेवीस तारखेचा सहावाही. होय, तुला ते आगीसारखं पत्र लिहिल्यावर सहा दिवसांनी मी परत शाईच्या डबीत अंगठा बुडवला. जेलर मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सिस्टर, पाच वाजत आले, कागद?" आणि माझा हात आपोआप गेला. मॅडमनाही माहीत आहे, माझ्या वरच्या, आता निवृत्त झालेल्या सिस्टरलाही माहीत होतं, तिनेच मला शिकवलं. "अगं, आत जाऊन त्या बायकांपुढे फॉर्म धरायचा, त्या रडणार, विचारणार, एकेकीला दहा मिनिटं. त्यापेक्षा पटकन लावून टाक. कुठे बघतंय कोण?" पहिल्या वेळी मी बराच वेळ साबणाने अंगठा घासत बसले होते. दुसऱ्या वेळी कमी. नंतर नंतर मी फोनवर बोलताबोलता लावत असे. म्हणून तर शिंपिणीच्या फॉर्मवर सहीऐवजी अंगठा गेला. तिला लिहिता येतं हे मला ठाऊक होतं, पण माझ्या अंगठ्याला कुठे ठाऊक!

आता तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर मीच लिहिते.

तीन वर्षांपूर्वीची ती म्हातारी. दम्याची. चौकशी समितीवर तू होतास. तू अहवालात लिहिलंस, "मृत बंदिनीने दोन वेळा उपचारास नकार दिला होता, सबब कारागृह प्रशासनाचा दोष आढळून येत नाही." मी तुझ्याशी बोलणं टाकलं. सगळ्या नातेवाइकांत सांगितलं की, दादाने खुर्चीसाठी एका म्हातारीचं मरण दडपलं. वहिनीला फोनवर काय काय बोलले ते तिने तुला सांगितलं नसेल, ती तशी नाही. पण तू दडपलंस कशावर? त्या दोन अंगठ्यांवर. तेही माझेच. तू कागदावर विश्वास ठेवलास. आणि मी माझ्याच अंगठ्यावर विश्वास ठेवल्याबद्दल तुला तीन वर्षं शिक्षा केली.

तरीसुद्धा तुला सोडत नाही. चौकशी समितीपुढे माझा जबाब होता, त्याच्या आदल्या दिवशी फोन करून "जेवढं विचारतील तेवढंच सांग" असं तूच म्हणालास. काहीतरी वास आला होता ना तुला? मग विचारलं का नाहीस? म्हातारीनेच नकार दिला असं लिहिलेला, टाइप होऊन आलेला माझा जबाब मी वाचला, दोनदा वाचला, आणि सही केली. न वाचता केली असती तर निदान मूर्ख ठरले असते.

आपण तुरुंगाच्या वसाहतीत वाढलो. बाबा फाटकावर असायचे, आणि संध्याकाळची मोजणी जुळली नाही तर जेवायला घरी यायचे नाहीत. आपण दोघं ताटावर वाट बघायचो. कागद आणि माणसं जुळली पाहिजेत, एवढं एकच त्यांनी आपल्याला शिकवलं. आपण दोघांनी जुळवली खरी. तू फॉर्म काढलास, मी अंगठा लावला, आणि एका वर्षात तीनशे चाळीस माणसं बरोब्बर कागदात बसवली.

बहीण


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कानावर गेलंच असेल, पण माझ्याकडून ऐक.

सहा तारखेला न्यायाधीश पाहणीला आले. दर तिमाहीला येतात. आदल्या दिवशी फरशा घासल्या, दवाखान्यात नवीन चादर आली (ती पाहणीनंतर परत जाते), आणि मॅडमनी रांग लावून सगळ्यांना पढवलं: साहेबांनी विचारलं की 'काही तक्रार नाही' म्हणायचं. दोनशे चौदा जणींनी तसंच म्हटलं. शिंपिणीनेही म्हटलं. तिचा आवाज ऐकला आणि माझं डोकं सटकलं. ती घाबरली होती, दादा. तिला वाटत होतं की तोंड उघडलं तर सातवी तारीखही जाईल.

मी पुढे झाले. मॅडमनी डोळे वटारले ते मला दिसले. मी म्हटलं, "साहेब, माझी तक्रार आहे. माझ्याविरुद्ध." आणि सहा फॉर्मच्या नकला त्यांच्या हातात दिल्या. शिंपिणीला म्हटलं, "साहेबांना तुझं नाव लिहून दाखव." तिने माझ्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिलं. साहेबांनी अक्षर पाहिलं, मग अंगठे पाहिले. "मग हा कुणाचा?" मी शाईची डबी उघडली आणि त्यांच्यासमोर, त्याच नावाच्या खाली, डावा अंगठा लावला. अधीक्षक खोकले.

न्यायाधीशांनी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, अठ्ठेचाळीस तासांच्या आत इस्पितळात न्या. आणि दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी आली! एक नाही, दोन. चार बाई पोलीस, वर एक अधिकारी. एका शिंपिणीला न्यायला! मला आनंद व्हायला हवा होता. मी फाटकात उभी राहून रागाने त्या गाड्या मोजत होते. म्हणजे गाड्या होत्या. गार्ड होता. सात महिने सगळं होतं, कुठेतरी उभं होतं.

त्याच दिवशी दुपारी मला निलंबनाचा कागद मिळाला, आणि चार दिवसांनी तुझं पत्र. हाताने लिहिलेलं. तीन वर्षांनी "प्रिय फटाकडी". डोळ्यांत पाणी आलं आधी, ते कबूल करते. मग पुढे वाचलं. चौकशी तुझ्याकडेच आलीय, तू ती सांभाळून घेशील, फक्त मी लिहून द्यायचं की, कामाच्या ओझ्यामुळे नजरचुकीने एका रुग्णाच्या फॉर्मबाबत लिपिकीय चूक झाली. एका रुग्णाच्या. नोकरी वाचेल, निवृत्तिवेतन वाचेल.

माझं वाचेल हे खरं. तुझाही फॉर्म वाचेल. आणि त्या अकरा वर्षांच्या गठ्ठ्याला कुणी हात लावणार नाही. मला माहीत आहे की तू मायेने लिहिलंस. म्हणून तर जास्त राग आला. मायेने आपण दोघांनी फार नासधूस केलीय.

मी लेखी जबाब दिलाय, सात पानं. त्यात म्हातारीचे दोन फॉर्मही आहेत. चौकशीवर तू बसू नयेस असंही लिहिलंय, कारण आरोपी तुझी बहीण आहे. आता सगळ्या मुख्यालयाला नातं कळेल. रागावलास तर रागाव.

बहीण


११ मार्च

दादा,

चौकशीतून तू बाजूला झालास असं ऐकलं. बरं केलंस. आणि तुझं नवं परिपत्रकही वाचलं. फॉर्म सतरा रद्द, त्याऐवजी फॉर्म सतरा-अ. त्यात अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही हवी. साक्षीदार कोण? 'कर्तव्यावरील परिचारिका'. अरे देवा! मी हसले, खरंच हसले, एकटीच, स्वयंपाकघरात. दादा, रकाना वाढव. साक्षीदार नको, रकाना. 'गाडी आली नाही' हे लिहायला जागा दे, एवढंच.

आता शिंपिणीचं. ऑपरेशन तीन तारखेला झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या, तिथपर्यंत पोचलं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जुलैत आणली असती तर मी तुम्हाला ठणकावून सांगितलं असतं की वाचेल. आता सांगत नाही. औषधं सुरू करू, बघू." मी तीस वर्षं या कामात आहे, 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं.

निलंबित असल्याने मला तिला भेटता येत नाही. पहाऱ्यावरची शिपाईबाई ओळखीची निघाली, तिने काल दहा मिनिटं आत सोडलं. वॉर्डच्या टोकाला खाट आहे. उजव्या पायात साखळी, खाटेला अडकवलेली. काख कापलेली, हात उशीवर ठेवलेला, नळी लावलेली, आणि पायात साखळी. ही पळणार कुठे? मी शिपाईबाईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "सिस्टर, माझ्या हातात असतं तर..." आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मला तिच्यावर ओरडवलं नाही.

शिंपीण जागी होती. मुलीला पत्र लिहायचं म्हणत होती. मला म्हणाली, "तुमची नोकरी गेली म्हणे माझ्यापायी." मग मात्र मला राहवेना. न्यायाधीशांसमोर मी अंगठा लावला होता तेव्हा ती रांगेत लांब उभी केलेली होती, नाव लिहून झाल्यावर मॅडमनी तिला मागे ओढलं होतं. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं की मी तिच्या बाजूने बोलले म्हणून मला काढलं. बरॅकमध्ये माझं नाव झालंय म्हणे, देवमाणूस म्हणून.

मी सांगितलं. खाटेजवळ उभी राहून सगळं सांगितलं. की तुझ्या नावाने सहा वेळा मी नको म्हटलं. तेवीस तारखेला तू बाकावरून उठून आत गेलीस, मला विचारलंस, मी काही लिहून दिलंय का, आणि मी नाही म्हटलं, आणि त्यानंतर तासाभराने ते मीच लिहून दिलं.

तिने चांगल्या हाताने चादरीची दुमडलेली कड सरळ केली. रडली नाही. मला वाटलं शिव्या देईल, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मी घेऊन घरी गेले असते आणि मोकळी झाले असते. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात, एखाद्या शिकाऊ मुलीची शिवण उसवून दाखवावी तसं म्हणाली, "गाडी आली नाही. तीन शब्द आहेत, सिस्टर. तेवढे लिहायचे होते."

वेळ संपला म्हणून शिपाईबाईने मला बाहेर काढलं.

दादा, तिला सांगायला माझ्या तोंडाशी आलं होतं की, लिहायला जागा नव्हती. तुझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता, मघाशी वर तुलाही तेच ऐकवलंय मी. घरी येऊन मी पेटीतून एक कोरा फॉर्म सतरा काढला आणि टेबलावर ठेवून बघत बसले. डावीकडे चांगला तीन बोटं रुंद समास आहे. वरपासून खालपर्यंत कोरा. अकरा वर्षं तिथे जागा होती.

तुझी बहीण